एकीकरणाचे मोल कोणी मोजायचे?

युरोपच्या इतिहासात १८४८ हे क्रांतिवर्ष म्हणून ओळखले जाते. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात मिलानच्या नागरिकांनी पाच दिवस गल्लोगल्ली लढून ऑस्ट्रियाचे सैन्य शहराबाहेर घालविले. १८ मे रोजी फ्रँकफर्टच्या सेंट पॉल चर्चमध्ये जर्मन लोकप्रतिनिधींची पहिली सभा भरली आणि विखुरलेल्या जर्मन राज्यांचे एक राष्ट्र करण्याचा संकल्प तेथे उघडपणे उच्चारला गेला. या दोन घटनांच्या मध्ये, २ मे १८४८ रोजी, ठाण्याच्या कारागृहात राघोजी भांगरे या आद्य क्रांतिकारकास इंग्रजांनी फाशी दिले.

मिलान आणि फ्रँकफर्ट आपल्या मुलांना पाठ्यपुस्तकांतून ठाऊक असतात. राघोजी ठाऊक नसतो. अकोले तालुक्यातील देवगावचा हा महादेव कोळी वीर. सावकारी पाशाविरुद्ध आणि त्या पाशाला कायद्याचे बळ देणाऱ्या परकीय सत्तेविरुद्ध तो सह्याद्रीच्या कड्याकपारींतून वर्षानुवर्षे झुंजला. देवगावकडून घाट उतरून खाली आले की शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके लागतात. डोळखांब हे याच पायथ्याचे गाव. राघोजीला ज्या समाजाने आश्रय दिला, त्याचे वंशज आजही या वाड्यापाड्यांतून राहतात. इटली आणि जर्मनी यांच्या एकीकरणाचा विचार पुण्या-मुंबईच्या व्याख्यानमालांत पुष्कळदा झाला आहे. तो एकदा डोळखांबच्या बाजूने करून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू.

मराठी वाचकाला इटलीची ओळख करून दिली ती स्वातंत्र्यवीर सावरकरांनी. १९०६ साली विलायतेस पोहोचताच त्यांनी मॅझिनीचे आत्मचरित्र व राजकीय लेख मराठीत आणले आणि १९०७ मध्ये बाबारावांनी ते पुस्तक पुण्यात प्रसिद्ध केले. त्याची प्रस्तावना अनेक तरुणांनी मुखोद्गत केली होती. पुढे सरकारने पुस्तकावर बंदी घातली, यातच त्याचे सामर्थ्य दिसते. मॅझिनीच्या ‘तरुण इटली’ या १८३१ च्या संघटनेचा आदर्श ‘अभिनव भारत’पुढे होता. त्याआधी बंगालमध्ये सुरेंद्रनाथ बॅनर्जी मॅझिनीवर व्याख्याने देत होते आणि लाला लजपतराय यांनी उर्दूत मॅझिनी व गॅरिबाल्डी यांची चरित्रे लिहिली होती. त्या पिढीने इटलीकडे पाहिले ते एका निश्चित प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी. शतकानुशतके विभागलेला, परकीयांच्या टाचेखाली असलेला, परंतु संस्कृतीने प्राचीन असा समाज पुन्हा एक राष्ट्र म्हणून उभा राहू शकतो काय? इटलीने ‘होय’ असे उत्तर दिले होते.

जर्मनीनेही तेच उत्तर दिले, पण निराळ्या रीतीने. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेनंतर जर्मन भूमीवर ३९ राज्ये उरली होती. १८३४ च्या जकात संघाने व्यापाराच्या भिंती पाडल्या. १८४८ च्या फ्रँकफर्ट सभेने देऊ केलेला राजमुकुट प्रशियाच्या राजाने पुढील वर्षी नाकारला, कारण लोकांच्या हातून मुकुट घेणे त्याला कमीपणाचे वाटले. मग १८६२ मध्ये बिस्मार्क आला आणि १८६४, १८६६ व १८७० या वर्षी सुरू झालेल्या तीन युद्धांतून त्याने १८ जानेवारी १८७१ रोजी जर्मन साम्राज्य घडविले. त्याची घोषणा झाली ती बर्लिनमध्ये नव्हे, पराभूत फ्रान्सच्या व्हर्सायच्या राजवाड्यात! त्याच विजयाच्या धुंदीत आल्सेस-लॉरेन तेथील जनतेला न विचारता तोडून घेतले गेले आणि पुढील अर्धशतकाच्या वैराचे बीज पेरले गेले. स्वतःचे घर एक करणे आणि शेजाऱ्याची ओसरी बळकावणे यांतील सीमारेषा जर्मनीने ओलांडली, आणि विसाव्या शतकात ती पुन्हापुन्हा ओलांडून सर्वनाश ओढवून घेतला. राष्ट्रवादाचा कैवार घेणाऱ्यांनी हा भाग झाकून ठेवण्याचे कारण नाही.

थोडक्यात, जर्मनीचे एकीकरण वरून झाले, सिंहासनाकडून आणि सैन्याकडून. इटलीचे अर्धे वरून झाले, काव्हूरच्या मुत्सद्देगिरीने. आणि अर्धे खालून, मॅझिनीच्या लेखणीने व गॅरिबाल्डीच्या स्वयंसेवकांनी.

आपल्याकडे हे दोन्ही मार्ग एकाच जिल्ह्यात पाहावयास मिळतात. सरदार पटेलांना ‘भारताचे बिस्मार्क’ म्हणण्याची प्रथा आहे. ही तुलना सरदारांवर अन्याय करणारी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. बिस्मार्कला जेथे तीन युद्धे करावी लागली, तेथे साडेपाचशेहून अधिक संस्थाने असलेल्या देशात सरदारांना आणि व्ही. पी. मेनन यांना बहुतेक ठिकाणी केवळ समजुतीने काम साधता आले. हैदराबादेसारखा अपवाद सोडला तर शस्त्र उपसावे लागले नाही, आणि तेथेही सप्टेंबर १९४८ मध्ये प्रश्न पाच दिवसांत निकालात निघाला. संस्थानिकांना तनखे दिले म्हणून सरदारांवर टीका करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रशियाच्या राजाला सम्राटपद देऊ करणारे पत्र बव्हेरियाच्या राजाने लिहिले, त्याचा मोबदला बिस्मार्कने हॅनोव्हरच्या राजाकडून जप्त केलेल्या खजिन्यातून गुपचूप दिला होता. सरदारांनी जे दिले ते संविधानात लिहून दिले.

१९४८ मध्ये दक्षिणी संस्थाने मुंबई प्रांतात आली. त्याच वर्षी जव्हारही विलीन झाले. तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातील हे संस्थान. तेथील मुकणे घराणे महादेव कोळी समाजाचे, आणि त्याची परंपरा चौदाव्या शतकापर्यंत मागे नेली जाते. वनवासी म्हणजे राजकारण न कळणारा, इतिहास नसलेला समाज, असे समजणाऱ्या शहरी विद्वानांनी जव्हारचा इतिहास अवश्य वाचावा. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांनी राज्य सोडले आणि १९६२ च्या निवडणुकीत भिवंडी मतदारसंघातून मते मागून लोकसभेत प्रवेश केला. किती जर्मन राजांनी असे केले?

हा झाला वरचा मार्ग. खालच्या मार्गाची कथा अधिक रोमहर्षक आहे. जव्हारच्या उत्तरेस, तलासरीच्या पलीकडे, दादरा आणि नगर हवेली हे पोर्तुगीज अंमलाखालील दोन तुकडे चोहोबाजूंनी भारताने वेढलेले होते. स्वतंत्र भारताचे सरकार शस्त्र उचलण्यास तयार नव्हते. जुलै १९५४ मध्ये फ्रान्सिस मस्कारेन्हस यांच्या नेतृत्वाखालील गोमंतकीय तरुणांनी दादरा मुक्त केले. त्यानंतर आझाद गोमंतक दलाचे तरुण आणि पुण्या-मुंबईहून आलेले संघाचे स्वयंसेवक यांनी भर पावसाळ्यात २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा घेतले. विनायकराव आपटे, राजाभाऊ वाकणकर, नाना काजरेकर, सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे ही नावे या पृष्ठांच्या वाचकांना परकी नाहीत. मोहिमेच्या निधीसाठी लता मंगेशकरांनी पुण्यात गाण्याचा कार्यक्रम केला होता. ज्यांच्या स्वरांनी महाराष्ट्र डोलला, ते बाबूजी पाठीवर ओझे बांधून चिखलातून मुक्तिसंग्रामाला गेले होते, याचे आजही नवल वाटते.

मे १८६० मध्ये गॅरिबाल्डी सुमारे एक हजार स्वयंसेवकांसह जिनोव्हाजवळून दोन जहाजांतून निघाला आणि ११ मे रोजी सिसिलीच्या मार्साला बंदरात उतरला. पीडमाँटच्या सरकारने त्याला उघड पाठिंबा दिला नाही आणि अडविलेही नाही. यश आले तर आमचे, अपयश आले तर त्याचे, असा काव्हूरचा हिशेब होता. पाच महिन्यांत अर्धी इटली जिंकून २६ ऑक्टोबरला गॅरिबाल्डीने ती राजा व्हिक्टर इमॅन्युएलच्या हाती सोपविली आणि स्वतः काप्रेरा बेटावर शेती करण्यास निघून गेला. सिल्वासाच्या वीरांनीही जिंकलेली भूमी स्वतःजवळ ठेवली नाही. सात वर्षे तेथे वरिष्ठ पंचायतीने कारभार पाहिला. पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा लावला, पण आपले सैन्य व शस्त्रे भारतीय भूमीवरून नेण्याचा त्याचा हक्क एप्रिल १९६० मध्ये न्यायालयाने अमान्य केला. ऑगस्ट १९६१ मध्ये विलीनीकरणाच्या करारावर सही करण्यासाठी बदलानी या सनदी अधिकाऱ्यांना एक दिवसापुरते त्या चिमुकल्या प्रदेशाचे पंतप्रधान करण्यात आले, आणि तो प्रदेश भारतात आला. ज्यांनी तो मिळवून दिला त्यांपैकी कित्येकांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान्यता मिळण्यास मात्र पुढे अनेक वर्षे वाट पाहावी लागली.

शहापूर-मुरबाडची स्वतःची गोष्टही या मार्गातच बसते. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांनी १९४२ मध्ये ‘आझाद दस्ता’ उभारून मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ च्या पहाटे मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात ते व हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. कोतवाल ज्या विचारधारेतून आले ती आमची नव्हती. त्याने त्यांच्या हौतात्म्यात तसूभरही उणेपणा येत नाही.

येथवर सारे अभिमानाचे आहे. आता इटलीच्या कथेतील तो भाग पाहू, जो आपल्या व्याख्यानांतून सहसा येत नाही.

सिसिलीत उतरल्यावर गॅरिबाल्डीने जूनच्या आरंभी हुकूम काढून सामायिक जमिनी शेतकऱ्यांत वाटण्याचे आश्वासन दिले. त्या आश्वासनावर विसंबून हजारो कष्टकरी त्याच्या मागे आले. परंतु जमीनदार जागचे हलले नाहीत. ऑगस्ट १८६० मध्ये ब्रोंते गावातील शेतकऱ्यांचा संयम सुटला आणि त्यांनी गावातील श्रीमंतांच्या हत्या केल्या. गॅरिबाल्डीचा उजवा हात समजला जाणारा सेनानी निनो बिक्सिओ तेथे धावून गेला. त्याने घाईघाईने खटला चालवून पाच जणांना गोळ्या घातल्या. हत्यांचे समर्थन कोणी करणार नाही. पण मुक्तीसाठी आलेल्या सेनेच्या गोळ्या प्रथम भूमिहीनांच्या छातीत शिरल्या, हे ब्रोंतेचे लोक विसरले नाहीत.

पुढे तर याहून वाईट झाले. १७ मार्च १८६१ रोजी इटलीच्या राज्याची घोषणा झाली. तीन महिन्यांच्या आत काव्हूर वारला. उत्तरेकडील पीडमाँटचे कायदे, तेथील कर, तेथील कर्जाचा बोजा आणि सक्तीची लष्करभरती दक्षिणेवर लादली गेली. सिसिलीत तर सक्तीची भरती ही पूर्वी ठाऊकच नव्हती. दक्षिणेचे डोंगर बंडखोरांनी भरून गेले. उत्तरेच्या लोकांनी त्यांना सरसकट ‘दरोडेखोर’ ठरविले, १८६३ मध्ये खास कायदा करून लष्करी न्यायालये बसविली आणि बंड मोडण्यासाठी लाखाच्या आसपास सैन्य गुंतविले. (राघोजीलाही इंग्रजांच्या दप्तरात दरोडेखोरच म्हटले होते. सत्तेच्या दप्तराची भाषा सगळीकडे सारखीच.) त्यानंतर गिरणीत दळलेल्या धान्यावर कर आला. तो श्रीमंताच्या लक्षातही आला नसेल, पण गरिबाच्या भाकरीचा तुकडा मोडून घेतला गेला. पुढील दशकांत दक्षिणेतून लक्षावधी माणसे अमेरिकेच्या जहाजांवर चढली.

राष्ट्र झाले होते, राष्ट्रीय झाले नव्हते. पीडमाँटचे मुत्सद्दी मास्सिमो द’अझेलिओ यांनी, इटली उभी राहिली तरी इटालियन माणूस घडवायचा बाकी आहे, अशा आशयाची खंत व्यक्त केल्याचे प्रसिद्ध आहे. एका भाषाशास्त्रज्ञाच्या अंदाजानुसार १८६१ मध्ये प्रमाण इटालियन बोलू शकणारे जेमतेम अडीच टक्के होते; दुसऱ्या एका अभ्यासकाने तो आकडा दहा टक्क्यांपर्यंत नेला आहे. म्हणजे भाषा हा ज्या राष्ट्राचा पाया सांगितला जातो, त्याची स्थिती अशी! या बाबतीत भारत भाग्यवान. आपल्याकडे भाषा अनेक, तरी डोळखांबच्या पलीकडे डेहणे गावावर उभ्या असलेल्या आजोबाच्या डोंगराला ठाकर म्हातारी वाल्मीकींचा आश्रम म्हणून हात जोडते आणि लव-कुशांचा पाळणा तेथे हलत होता असे नातवंडांना सांगते. जर्मनीत ग्रिम बंधूंना लोककथा गोळा करून जर्मन मन शोधावे लागले. आपल्याकडे ती कथा पाड्यावर नांदतच होती. एकात्मतेचा हा ठेवा आपल्याला आयता मिळाला. पण आयत्या मिळालेल्या ठेव्यावर किती काळ जगायचे?

मॅझिनीला हे दिसत होते. त्याच्या लेखनात हक्कांआधी कर्तव्ये येतात, आणि तीही कामकऱ्यांना उद्देशून समजावलेली. नव्या इटलीत त्याला सुख लाभले नाही. १८७२ मध्ये पिसा येथे तो ‘ब्राउन’ या खोट्या नावाने राहत असताना वारला. आणि त्याला मराठीत आणणाऱ्या सावरकरांचे उत्तरायुष्य पाहा. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत राजकारण बंद झाले, तेव्हा ते अस्पृश्यतेविरुद्ध उभे राहिले, सहभोजने घातली, १९३१ मध्ये पतितपावन मंदिर सर्वांना खुले झाले. नकाशाचे काम आणि माणसांचे काम ही एकाच कामाची दोन टोके आहेत, हे त्यांनी आचरणाने दाखविले. कल्याणचे माधवराव काणे घरदार सोडून तलासरीला जाऊन बसले, तेही याच धारणेने. आणि प्रांजळपणे हेही म्हटले पाहिजे की, त्याच तलासरी-डहाणू भागात १९४५ पासून वारल्यांच्या वेठबिगारीविरुद्ध लाल बावटा आधी पोहोचला होता. गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या विचारांशी आमचा विरोध जगजाहीर आहे. परंतु वेठीचा प्रश्न खरा होता आणि तो हाती घेण्यास आपण मागे पडलो होतो.

आता डोळखांबकडे वळू. शहापूर तालुका मुंबईला पाणी पाजतो. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. त्यानंतर वैतरणेची धरणे झाली, आणि आज मुंबईला मिळणाऱ्या पाण्यापैकी निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातसाचे असते. डोळखांबच्या पुढे चोंढ्याला खालचे आणि वर घाटघरला दुसरे धरण बांधून २५० मेगावॉट विजेचा प्रकल्पही उभा आहे. पावसाळ्यात येथे आभाळ फाटते. आणि मार्च उजाडला की याच तालुक्यातील कित्येक गावपाड्यांत टँकरची वाट पाहणाऱ्या हंड्यांच्या रांगा लागतात. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे दाराला काटी लावून भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. मुलांची शाळा तेथेच सुटते. जहाज नाही, ट्रक आहे. एवढाच सिसिलीशी फरक.

यावर आपला सुशिक्षित वर्ग दोन उत्तरे देतो. एक, हे शासनाचे काम. दुसरे, सेवाकार्य वाढवू. दोन्ही खरी आणि दोन्ही अपुरी आहेत. भूकंपग्रस्तांना मदत करतो तशी भावना येथे कामाची नाही. कारण शहापूरकडून मुंबई काही घेते आहे, रोज घेते आहे. घेणाऱ्याने देणे याला सेवा म्हणत नाहीत, हिशेब म्हणतात.

हा हिशेब जर्मनांनी केला. ३ ऑक्टोबर १९९० रोजी पूर्व व पश्चिम जर्मनी पुन्हा एक झाली, तेव्हा बिस्मार्कच्या वारसांनी या वेळी सैन्य हलविले नाही. १९९१ मध्ये आयकरावर ‘ऐक्य अधिभार’ बसविला. १९९८ पासून तो देय आयकराच्या साडेपाच टक्के राहिला. श्रीमंत पश्चिमेने कुरकुर केली, न्यायालयाची दारे ठोठावली, पण तीस वर्षे पैसे भरले. २०२१ पासून बहुसंख्य करदात्यांना त्यातून सूट मिळाली. पूर्वेचे सर्व प्रश्न सुटले असे कोणी म्हणत नाही. तरी ऐक्याला किंमत असते आणि ती बलवान भागाने मोजायची असते, हे तत्त्व कायद्यात लिहिले गेले. इटलीनेही दक्षिणेसाठी १९५० मध्ये खास निधी उभारला आणि तो १९८४ पर्यंत चालविला. पण एकीकरणानंतर नव्वद वर्षांनी! मधल्या काळात दक्षिणेचे मन तुटले ते आजतागायत पुरते जुळलेले नाही.

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. मुंबईतील प्रत्येक घराच्या पाणीपट्टीवर अल्पसा ‘पाणलोट अधिभार’ असावा आणि तो कोणत्याही सर्वसाधारण तिजोरीत न जाता, ज्या तालुक्यांतून पाणी येते तेथील गावपाड्यांच्या नळयोजना, विहिरी आणि वसतिगृहे यांसाठीच खर्च व्हावा. खर्चाचा हिशेब ग्रामसभेपुढे वाचला जावा. पाण्यावर पहिला हक्क धरणाच्या काठच्या गावाचा, हे महापालिकेच्या करारांत स्पष्ट लिहिले जावे. या मागणीसाठी शहापूरच्या लोकांनी मोर्चा काढण्याची वाट पाहू नये. दादर, पार्ले, गिरगाव, मुलुंड येथील शाखांनी, मंडळांनी आणि गृहनिर्माण संस्थांनी ठराव करून ती आपल्या नगरसेवकाच्या हाती द्यावी. जास्त पैसे भरण्याची मागणी भरणाऱ्यांनीच केली, तर ती नाकारताना कोणत्याही सत्ताधाऱ्याला फार विचार करावा लागेल.